आंबट बाटलीचा तपास

६ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

माझं पत्र बघून दचकला असाल. मुलांच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण आपल्यात पत्र असं हे पहिलंच. फोन मुद्दामच केला नाही. माझा फोन दाद्यानं जोडून दिलाय आणि तुमचा मनीनं. आपण काय बोलतो ते त्या दोघांना कुठून तरी दिसत असणार, अशी मला शंका आहे. कागदाचं तसं नाही. पाकीट चिकटवलं की चिकटवलं.

परवाच मुलांकडे चार दिवस राहून आले. दोघांच्या तब्येती बऱ्या आहेत, घर नीटनेटकं आहे. जरा जास्तच नीटनेटकं. मी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. माणूस तोंडानं काय सांगतो त्याआधी त्याचा कपडा काय सांगतो ते मला दिसतं. दाद्याच्या कपाटात दोन शर्ट होते. दोनच. विचारलं तर मनी म्हणाली, "बाकीचे धुवायला दिलेत, आई." सगळे एकदम? न्हाणीघरात त्याचा दात घासायचा ब्रश कोरा करकरीत, एक केस वाकलेला नाही. मी ब्रश होता तिथं ठेवला. झाकली मूठ.

पण ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी दुपारी दाद्या कामावर गेला होता. मी आंघोळीला गेले असं मनीला वाटलं. मी टॉवेल विसरले म्हणून परत फिरले. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. पिठाच्या डब्यांमागून तिनं एक तपकिरी बाटली काढली, झाकण उडवलं, ग्लासात ओतली. फेस आला. आधी ग्लासात नाक घातलं. मग घोट घेतला, तो गिळायच्या आधी या गालातून त्या गालात फिरवला आणि डोळे मिटले. मांजर दूध पिताना मिटतं ना, अगदी तस्सं. उरलेलं तिथंच ठेवून ती गॅलरीत फोनवर बोलायला गेली. "नाही, आज नाही," म्हणाली. "बुधवारी येते." कोणाकडे?

मी ग्लास उचलला. विहीणबाई, जन्मात मी असल्या वस्तूला हात लावला नाही, पण खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही ही माझी रीत. आंबट! डोळा आपोआप मिटेल इतकं आंबट, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडू. दोन पेले पाणी प्याले तरी ते कडू जाईना. बिअर आहे ती, आणि तीही नासकी. तुमची मुलगी भर दुपारी एकटीनं नासकी बिअर पिते.

तुम्हाला हे आधीच ठाऊक असेल तर तसं सांगा. नसेल तरी सांगा. माझ्या मुलाचे शर्ट कुठं गेले ते मात्र मी शोधणार.

आपली,
दाद्याची आई


१५ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचत होते तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, आणि माझा चेहरा बघून त्याला वाटलं की आपल्याच औषधात काहीतरी घोटाळा झालाय.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तुमच्या कानावरून गेली असेलच. मनी लहानपणी खोकल्याचं औषध घ्यायची नाही. त्याला स्पिरिटाचा वास येतो म्हणायची, आणि तो यायचाही. ती बाटल्या लपवून पिते हे मी मानत नाही. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर दह्याची विरजणं तपासते. हुंगायचं, चाखायचं, गालात फिरवायचं हा तिचा पोटापाण्याचा धंदा आहे. पिणारा माणूस घोट गालात फिरवत बसत नाही, आणि अर्धा ग्लास टाकून तर मुळीच उठत नाही. हे तुम्हीच लिहिलंय.

मग बाटली कोणाची? घरात माणसं दोन. एक चाखून ठेवून देते. दुसऱ्याचे शर्ट सापडत नाहीत. मी काही म्हणत नाही.

आरोप करायचा तर मुद्देमाल हवा. एखादी बाटली हाती लागली तर पाठवा. बघते मी.

तुमचं अक्षर छान आहे. मनीलाही फोनवर सांगितलं तसं. बाकी काही सांगितलेलं नाही, घाबरू नका.

मनीची आई


२४ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

बाटली पाठवतेय. कशी मिळवली ते विचारू नका. परवा पुन्हा मुलांकडे जाऊन आले, निघताना ती माझ्या पिशवीत आली. गादीच्या कापसात गुंडाळून वर जाड कापड शिवलंय, उसवताना कात्री आत घुसवू नका.

"मी काही म्हणत नाही" असं लिहून तुम्ही सगळं म्हणून घेतलंत. तुमची ती जुनीच कला आहे. लग्नात दाद्याचा कोट खांद्यात सैल आहे असं तुम्ही तुमच्या बहिणीच्या कानात म्हणाला होतात, आणि मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. कोट मी शिवलेला होता. कोट सैल नव्हता, मुलगा त्या आठवड्यात काळजीनं रोडावला होता. असो. सहा वर्षं गिळलं होतं, आज बाहेर पडलं.

आता कामाचं बोलते. बाटलीवर छापील कागद नाही, नुसती पट्टी चिकटवलीय. तीवर मनीच्या अक्षरात लिहिलंय, "अजून नाही. बुधवार." अशा चार बाटल्या होत्या, चारींवर हेच. काय अजून नाही? मी गाडीत बसल्या बसल्या विचार करत आले आणि एकदम मनात आलं. बाईमाणसाला आंबट कधी लागतं हे मी तुम्हाला सांगायला नको. डॉक्टरकडे बुधवारची वेळ असते. "अजून नाही" म्हणजे मग काय ते तुम्हीच जुळवा. पण तसं असेल तर बिअर कशाला? लिंबं काय महाग झालीत?

तसं असेल आणि तुम्हाला आधी सांगितलं असेल, तर मला वाईट वाटेल. तरी सांगा.

आपली,
दाद्याची आई


६ मार्च

विहीणबाई,

मनीला दिवस गेलेले नाहीत. मी सरळ विचारलं, ती खळखळून हसली आणि मग एकदम गप्प झाली. हसणं खरं होतं. गप्प होणं मला आवडलं नाही.

बाटली सुखरूप आली. रविवारी दुकान बंद करून स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून उघडली. झाकण निघाल्याबरोबर फुस्स करून फेस वर आला आणि माझ्या बाहीवर सांडला. मी मुद्दाम पांढऱ्या पेल्यात ओतली, रंग दिसावा म्हणून. फिकट, गढूळ पिवळा; पेंढ्याच्या पाण्यासारखा. वास घेतला तर बिअरचा म्हणतात तसा वास नाहीच. संत्र्याचं साल नखानं खरवडलं की येतो तो वास, आणि मागं कुठंतरी नुकतं कापलेलं गवत.

मग घोट घेतला. तुम्ही लिहिलंत ते आंबट खरं, पण नासलेलं आंबट असं नसतं. नासलेलं नाकात झोंबतं, व्हिनेगरसारखं. हे झोंबत नाही. दह्यावर आलेलं पाणी असतं ना, त्याचं आंबट आहे हे. स्वच्छ, गालाच्या आतल्या बाजूंना ओढणारं. ते ओसरायला लागतं तेव्हा कडू येतं, घाई न करता, आणि जिभेवर ठाण मांडून बसतं. ते कडू बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचं. म्हणजे कोणीतरी आधी विरजण लावून मुद्दाम आंबवलंय आणि मग वर कडू फुलं घातलीत. विरजण कोणाला कळतं, ते तुम्हीही ओळखलं असेल. मनी ही बिअर पीत नाही, विहीणबाई. मनी ही बिअर करतेय. किंवा कोणाला तरी करायला मदत करतेय.

नमुना तपासता तपासता बाटली संपली. याबद्दल कृपया कुठं बोलू नका.

झाकणावर बदकाचं चित्र उमटवलेलं आहे. सोबत काढून पाठवलंय. चोच माझ्याकडून जरा मोठी झाली.

आता एक गोष्ट मी लपवली होती ती सांगते. नोव्हेंबरात मी त्यांच्याकडे गेले होते. जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई दाद्याला म्हणाली, "अरे वा, बऱ्याच दिवसांनी दिसलात!" स्वतःच्या घराच्या जिन्यात. त्याचे कान लाल झाले. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, माझ्या मुलावर संशय घेतात. आता घेतेच. शर्ट ज्या घरी आहेत त्या घरी कोण आहे?

मनीची आई


१४ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. माझा मुलगा तसला नाही, हे मी चार पानं लिहिलं आणि फाडलं. कारण फाडायच्या आधी मी त्याच्या कंपनीत फोन लावला. बाटल्या भरायची यंत्रं विकणारी ती कंपनी, तुम्हाला माहीतच आहे. म्हटलं, आई बोलतेय, जरा बोलवा. तिकडची मुलगी म्हणाली, "ते सोडून गेले की. दोन वर्षं होत आली." दोन वर्षं! आणि दर रविवारी फोनवर मला सांगतो, कामाचा फार ताण आहे आई.

साप म्हणून भुई धोपटत होते, तर खरंच बिळात काहीतरी आहे.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. तुमचं बदक घेऊन दारूच्या दुकानाची पायरी चढले, आयुष्यात पहिल्यांदा. डोक्याला रुमाल बांधून गेले, आणि आत कोण भेटावं तर आमच्या दातांचे डॉक्टर. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही. दुकानदाराला चित्र दाखवलं. तो म्हणाला, "हे बदकवाले, आजी. छोटा कारखाना आहे. माल आमच्याकडे येत नाही, तिथंच जाऊन प्यावी लागते." पत्ता दिला. मुलांच्याच शहरात आहे, टायरच्या गोदामामागं. बुधवारी दुपारी चाखायला उघडा असतो म्हणे. बुधवारी, विहीणबाई!

पुढच्या बुधवारी मी जातेय. मुलांना कळवणार नाही. तुम्हीही आला असता तर बरं झालं असतं, पण तुमच्या दुकानाला दुसरं माणूस नाही हे मी समजते. काय दिसेल ते जसंच्या तसं लिहीन. तुमच्या मुलीचं असलं तरी आणि माझ्या मुलाचं असलं तरी.

दाद्याची आई


२८ मार्च

विहीणबाई,

जाऊन आले. काळजीचं कारण नाही. दाद्यानं धंदा बदललाय एवढंच. बिअरचाच कारखाना आहे, मित्राबरोबर काढलाय. आपण रागावू म्हणून सांगितलं नव्हतं. मनी मदत करते. सगळं ठीक आहे.

आता हा विषय आपण बंद करू.

दाद्याची आई


११ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं शेवटचं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदाही माझा विश्वास बसला नाही. बदकाच्या चोचीवरही दोन ओळी लिहिणारी बाई तुम्ही. एवढी लांब गेलात आणि तिथली खुर्ची कशी होती ते नाही, बिअर कशी होती ते नाही, मुलानं अंगात काय घातलं होतं तेसुद्धा नाही! "सगळं ठीक आहे" हे वाक्य आमच्या दुकानात रोज ऐकू येतं. ते म्हणणारा माणूस झोपेची गोळी मागायला आलेला असतो.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि परवाच्या बुधवारी गेले.

टायरच्या गोदामामागं लांबट शेड आहे. आत उंच स्टीलच्या टाक्या, जमीन ओली, पाव भाजताना येतो तसा ऊबदार वास. एका बाजूला काउंटर आणि चार टेबलं. काउंटरमागं हाडापेरानं मजबूत एक बाई होती. मी विचारलं, "आंबट असते ती कुठली?"

"ती अजून नळाला जोडली नाही," ती म्हणाली. "आमच्या चाखणाऱ्या बाई येऊन 'झाली' म्हणाल्याशिवाय मालक जोडत नाहीत. दर बुधवारी येतात." मी दुसरी कुठली तरी घेतली आणि खांबामागच्या टेबलाकडे निघाले तर ती हसायला लागली. "तुम्हीही तिथंच? मागं एक बाई आल्या होत्या, अशाच खांबामागं बसल्या. ग्लासाला तोंडही लावलं नाही. जाताना मात्र मागच्या तारेवर मालकांचे शर्ट वाळत होते, त्यातल्या एकाचं लोंबतं बटण शिवून गेल्या. पर्समधून सुईदोरा काढून! म्हटलं, अशी गिऱ्हाइकं रोज येऊ देत."

तेव्हा मला कळलं की तुम्हाला सगळं कळलंय, आणि तुम्ही मला ते सांगितलेलं नाही. मला राग आला. तो अजून आहे. पण पुढचं ऐका.

दाद्या आतून आला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, वाळलाय बराच. मनी आली ती डेअरीतून सरळ, पांढरा कोट हातावर टाकून. त्यानं टाकीच्या तोटीतून ग्लास भरला आणि तिच्यापुढं ठेवला. तिनं उजेडाला धरला, हुंगला, घोट घेतला. तो तिच्याकडे बघेना. बुटाच्या टोकाकडे बघत उभा राहिला.

"झाली," मनी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मागच्या खेपेला कडू पुढं पळत होतं. आज दोन्ही बरोबर चालतायत."

"बरं," तो म्हणाला आणि लगेच काउंटरवरच्या बाईला नळ जोडायला सांगितलं. विहीणबाई, सहा वर्षांत तिचं बोलणं त्यानं इतक्या पटकन मानलेलं मी पाहिलं नव्हतं. पाणी पिण्यावरूनही त्यांची वादावादी व्हायची.

मग मी खांबामागून बाहेर आले. मनीनं ग्लास काउंटरवर ठेवला.

"आई! तू?"

"मी. आता खरं काय ते कोण सांगतंय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दाद्या बोलला. "आम्ही वेगळे झालोय, आई. कागदोपत्रीसुद्धा. डिसेंबरात. मी इथं माळ्यावर राहतो. तुम्ही दोघी येता तेव्हा बॅग घेऊन घरी जातो."

मी खुर्चीत बसले. विचारलं, "चूक कोणाची?" तुम्हीही हेच विचारलं असतंत.

"कोणाचीच नाही," मनी म्हणाली. "म्हणजे दोघांची. यानं नोकरी सोडली ते मला सांगायचा धीर याला झाला नाही. हा उशिरा यायचा, अंगाला वास यायचा. मला वाटलं बाई आहे. मी खिसे तपासायला लागले. मग हा माझा फोन बघायला लागला. खरं काय ते कळलं, तेव्हा वाटलं संपलं सगळं. पण सवय जाईना, आई. याला साधं 'उशीर का झाला' विचारलं तरी झडती घेतल्यासारखं वाटायचं. आणि खरं सांगू? मी झडतीच घेत असायचे."

"घरात तिच्या प्रत्येक शब्दाचा मी वास घेऊन बघायचो," दाद्या म्हणाला. "इथं तसं होत नाही. इथं ती 'झाली' म्हणते, मी नळ जोडतो. एवढं एकच उरलं, ते आम्ही मोडलं नाही."

ही झडतीची सवय त्यांना कुठून लागली ते मी विचारलं नाही. माझ्या पिशवीत तुमची चार पत्रं होती.

मग विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं? मनी म्हणाली, "फेब्रुवारीत सांगायचं ठरलं होतं. तेवढ्यात तुझा फोन आला, विहीणबाईंचं अक्षर किती छान आहे म्हणून. मग दर फोनला विहीणबाईंनी हे लिहिलं, विहीणबाईंना असं वाटतं. बाबा गेल्यापासून तू कोणाबद्दल इतकं बोलली नव्हतीस." दाद्यानं मान हलवली. "माझी आई पोस्टमनची वाट बघत दारात उभी राहते म्हणे. शेजाऱ्यांनी सांगितलं. म्हटलं, आणखी एक पत्र जाऊ दे. मग आणखी एक."

निघताना तो मला मागं घेऊन गेला आणि तारेवरचा शर्ट दाखवला. "आई येऊन गेली," म्हणाला. "चार भोकांच्या बटणाला खाली दोरा गुंडाळून मान करून असं कोण शिवतं? तिला फोन करायला हात उचलत नाही."

त्याला मी काय सांगायचं होतं? तुम्ही मला "सगळं ठीक आहे" असं लिहिलं होतंत. मला खोटं का लिहिलंत, विहीणबाई?

मनीची आई


१९ एप्रिल

कागद पुढ्यात घेतला आणि मायन्याशीच अडले. काय लिहू? विहीणबाई लिहायचा हक्क आता माझा नाही. म्हणून जागा कोरीच सोडलीय.

खोटं का लिहिलं ते सांगते. तुम्ही पाहिलंत त्यातलं बरंचसं मीही पाहिलं, पण तुमच्यासारखी पुढं झाले नाही. माझे पाय जमिनीला शिवल्यासारखे झाले. मनी आली, तिनं चाखलं, "अजून नाही" म्हणाली. मग ती दोघं टाकीपाशी उभी राहून बोलत होती, माझ्यापासून हातभर अंतरावर, मध्ये खांब. दाद्या म्हणाला, "तुझ्या आईला तू सांग, माझ्या आईला मी सांगतो." मनी म्हणाली, "आणि त्या दोघी?" तो म्हणाला, "त्यांचं काय?" तर ती म्हणाली, "आता त्या एकमेकींच्या कोण लागतात?"

मी खांबामागं बसून ते नातं शोधत होते, सापडलं नाही. मामेसासू, चुलतजाऊ, नणंदेची नणंद, सगळ्यांना शब्द आहेत आपल्याकडे. सुटलेल्या नवराबायकोच्या आयांना नाही. म्हटलं, हे मी लिहिलं तर हेच आपलं शेवटचं पत्र. मुलं सुटली की विहिणी कसल्या? म्हणून तीन ओळी खरडल्या, की विषय बंद होईल आणि आपण दुसरं काहीबाही लिहीत राहू. हवापाण्याचं. गुडघ्याचं. तुमची नजर किती तिखट आहे हे मी विसरले.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला तुमच्या मुलीत खोट काढायची होती. ती माझ्या मुलात सापडली, मग माझ्यातही. माझा मुलगा दोन वर्षं मला थापा मारत होता, कारण खरं सांगितलं तर मी पहिल्यांदा काय म्हणेन ते त्याला पाठ होतं. तुमची मनी वाईट नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं.

मी दाद्याला फोन केला. मीच आधी केला. रविवारी तो आला होता, दोन दिवस राहिला. मी त्याची मापं घेतली, छाती दोन बोटं कमी भरली. म्हटलं, जेवत जा. म्हणाला, हो.

तुमची पत्रं मी शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवलीत. परत हवी असतील तर पाठवून देते. यापुढं उत्तर आलं नाही तरी मी काही मनात आणणार नाही. कोणत्या नात्यानं आणू?

दाद्याची आई


२७ एप्रिल

मीही जागा कोरी सोडली. पोस्टमन पत्ता बघून पत्र देतो, मायना बघून नाही.

पत्रं परत पाठवू नका. माझ्याकडे तुमची आहेत ती मी देणार नाही, मग तुम्ही तरी का द्यावीत?

तुमच्यावर रागावले होते ते यासाठी, की तुम्ही ते दुःख एकटीनं गाडीत बसून घरी नेलंत. मला निम्मं द्यायचं होतंत. मुलगी माझी होती त्यात.

आता एक शंका. तुम्ही लिहिता की दाद्याला फोन तुम्ही आधी केलात. मनी म्हणते, तो म्हणतो की त्यानं केला, आणि तुम्ही पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके देत होतात. दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय, आणि दोघांचंही जुनं रेकॉर्ड चांगलं नाही. हे मी शोधून काढणार आहे.

येत्या बुधवारी आंबटीचं नवं पिंप लोकांना बोलावून उघडतायत. मुलांनी मला बोलावलंय. तुम्हालाही बोलावायचंय, पण दाद्याला वाटतं मनीनं बोलवावं आणि मनीला वाटतं दाद्यानं. त्यांचा घोळ मिटायची वाट बघितली तर बिअर खरंच नासेल. म्हणून मी बोलावते. या. पहिला घोट तुम्ही घ्यायचा, पूर्ण, ग्लास टेबलावर तस्साच ठेवून पळायचं नाही. मी तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघत असेन. कागदावर "सगळं ठीक आहे" लिहिता येतं. तो घोट घेतल्यावर तोंडाला तेवढी सवड मिळत नाही, हे मी स्वतः ओट्यापाशी अनुभवलंय. आवडली नाही तर तसं सांगा. आवडली तर मात्र दुसरी आपण वाटून घेऊ, मला एक पूर्ण झेपते पण दोन झेपत नाहीत.

सकाळची गाडी तुमच्या स्टेशनावर थांबते. मी खिडकीशी बसलेली असेन, तुमच्यासाठी जागा धरून. तुम्हाला हाक काय मारायची ते तोवर सुचेल. नाही सुचलं तर नुसतं "अहो" म्हणेन. वळून बघा.

मनीची आई